बारा जुलैची टेकडी

पर्वतीच्या पायऱ्या एका पावलाला मोठ्या पडतात आणि दोन पावलांना लहान. एक पाऊल टाकलं तर पायरी उरते, दोन टाकली तर दुसरं पुढच्या दगडाच्या कडेला अडतं. त्यामुळे इथे प्रत्येकाची चढण्याची तऱ्हा वेगळी. एक मुलगा कडेच्या कठड्यालगत पळत वर जातो आणि मी दहा-बारा पायऱ्या चढते न चढते तोच पळत खाली येतो. पाठीवर भली मोठी सॅक घेतलेली एक मुलगी सावकाश, एका लयीत चढते आहे. सॅकेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आहेत, त्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येतो. हिमालयातल्या मोहिमेआधी पुण्यातले गिर्यारोहक असा सराव करतात. पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा अनवाणी, तिरके तिरके, नागमोडी चढताहेत. गुडघ्यांवर ताण येऊ नये म्हणून ही युक्ती, हे ते मागून येणाऱ्याला थांबून समजावूनही सांगतात.

पाऊस नाही, पण भुरभुर आहे. दगड ओला, काळा, चकचकीत. सकाळचे साडेसहा झालेत.

या पायऱ्या 103 आहेत, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि लहानपणी प्रत्येकाने त्या एकदा तरी मोजलेल्या असतात. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधून घेतलं. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी 23 जून 1761 रोजी इथेच देह ठेवला. पुढे 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला इंग्रजांशी लढाई जुंपली, ती दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली असं सांगतात. एका राज्याचा बहर आणि शेवट अशा दोन्ही गोष्टी या एवढ्याशा माथ्याला चिकटलेल्या आहेत. शाळेच्या सहलीत मुलांना हे सगळं ऐकवलं जातं.

मला मात्र पायऱ्या चढताना आठवतो तो 1929 चा ऑक्टोबर. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांच्याबरोबरचे दलित कार्यकर्ते मंदिरप्रवेशासाठी या पायऱ्यांवर उभे राहिले. एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखी माणसं त्यांच्या बाजूने होती. त्यांच्यावर दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली, आणि मंदिराचं दार काही उघडलं नाही. आज या पायऱ्यांवर कुणी कुणाला काही विचारत नाही. पळणारा मुलगा, सॅकवाली मुलगी, धोतरातले आजोबा, डोक्यावर फुलांची पाटी घेऊन चाललेली बाई, सगळे एकाच दगडावर पाय देत वर जाताहेत. हा साधेपणा आपोआप आलेला नाही. तो मिळावा म्हणून याच दगडांवर माणसांनी मार खाल्ला आहे. शाळेच्या सहलींमध्ये हेही सांगायला हवं, नानासाहेबांइतकंच ठळकपणे.

वर पोचते. तटावरून शहर दिसतं. खाली सारसबाग, एके काळी जिथे तळं होतं ती जागा. पलीकडे पेठांची दाटी, मधेच एखादं कौलारू छप्पर अजून तग धरून. नैऋत्येला सिंहगड ढगात गेलेला आहे, त्याच्यावरचा मनोराही दिसत नाही. वायव्येला हनुमान टेकडी, तिच्या मागे वेताळ टेकडीची लांबलचक पाठ. आज मला तिथपर्यंत जायचं आहे, शक्य तितकं पायी आणि शक्य तितकं उंचावरून.

तटाशी एक आजी उभ्या आहेत. सत्तरीच्या पुढच्या, हिरवी सुती साडी, खांद्यावर प्लॅस्टिकचा रेनकोट नुसता टाकलेला. शेजारी नात, ऑफिसला जायच्या कपड्यांत, सारखी घड्याळ पाहते आहे.

"आजी, निघू या ना. नऊची मीटिंग आहे माझी."

"थांब गं. दोन मिनिटं." मग माझ्याकडे वळून, जणू ओळख असल्यासारखं, "आज बारा जुलै ना?"

मी मान डोलावते. पुण्यात विशिष्ट वयाच्या माणसाने ही तारीख उच्चारली की पुढे काय येणार ते कळतं. 12 जुलै 1961. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं.

"आम्ही नारायण पेठेत, नदीकडेला राहायचो. मी तिसरीत. लोक ओरडत पळत होते, पर्वती गाठा, पर्वती गाठा. आईनं धाकट्याला कडेवर घेतलं आणि माझ्या हातात पितळेचा डबा दिला. सगळ्या वाटेनं मी तो डबा छातीशी धरून आले. इथं वर आल्यावर उघडला तर रिकामा." त्या हसत नाहीत, नातही हसत नाही. "मुंगी शिरायला जागा नव्हती इथं. कोण कुठल्या जातीचा, कुणाच्या वाड्यातला, काही नाही. पुजाऱ्याच्या घरातून कुणीतरी भात आणून मुलांच्या ओंजळीत घातला, तो खाल्ला."

"वरून काय दिसत होतं?"

"मोठी माणसं पूल शोधत होती. हा दिसतोय का, तो दिसतोय का. मला नुसतं तांबडं पाणी आठवतंय." त्या थोडा वेळ बघत राहतात. "नंतर आम्हाला गोखलेनगरला जागा दिली. पत्र्याच्या अर्धगोल निसन हट. उन्हाळ्यात आत भट्टी. तिथं मग वेताळ टेकडी होती मागं. म्हणजे बघ, एका टेकडीनं जीव वाचवला आणि दुसरीनं वाढवलं."

नात त्यांचा हात धरते. पायऱ्यांकडे जाताना आजी मला बजावतात, "त्या बाजूनं उतरणार असशील तर जपून. शेवाळ धरलंय."

मी त्याच बाजूने उतरते आणि खरोखरच शेवाळ धरलेलं आहे.

पर्वतीची ही मागची बाजू पर्यटकांच्या छायाचित्रांत येत नाही. उतारावर जनता वसाहत आहे, घराला घर चिकटून, एकाच्या छपराच्या पातळीला दुसऱ्याचा उंबरा. इथल्याही पायऱ्याच आहेत, पण सिमेंटच्या, अरुंद, वळणावळणाच्या, जिथे जशी जागा मिळाली तशा माणसांनी स्वतः बांधलेल्या. काही पायऱ्यांत फरशीचे उरलेले तुकडे बसवलेत, निळे, तपकिरी, एखाद्यावर गुलाबाचं चित्र. त्यांची संख्या कुणी सांगत नाही. एक माणूस गॅसचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन चढतो आहे. दर वळणावर तो खांदा बदलतो आणि वरून येणारे भिंतीला पाठ लावून त्याला वाट देतात. शाळेच्या गणवेशातली दोन मुलं त्याच पायऱ्या बघता बघता उतरून जातात. एक बाई दारातच बसून मेथी निवडते आहे, पायरी हाच तिचा ओटा. रिक्षा इथपर्यंत येत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली न्यावं लागतं, हे ती मला पायरीवर सरकून जागा देता देता सांगते.

"पावसाळ्यात भीती वाटते का?"

"वरून माती येती कधी कधी. आणि खाली तो कालवा." ती हाताने दाखवते. पायथ्याशी खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा आहे. 27 सप्टेंबर 2018 रोजी दांडेकर पुलाजवळ तो फुटला आणि खालच्या वस्तीतली घरं वाहून गेली. पुण्यात धरणाच्या पाण्याने माणसांना टेकडीवर पळायला लावलं ते एकदाच नाही.

डोंगराळ शहरांतल्या पायऱ्यांचं कौतुक करताना आपण बहुतेक वेळा देवळाच्या नाहीतर बागेच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणतो. हौसेने चढायच्या पायऱ्या. रोज पाण्याची कळशी, सिलिंडर, आजारी आई घेऊन चढायच्या पायऱ्या त्यात येत नाहीत. शहराने पायी चालणाऱ्यासाठी काही करायचं ठरवलं तर सुरुवात इथून व्हायला हवी. कठडा, दिवा, पाणी वाहून जायला नीट गटार. फार मोठ्या गोष्टी नाहीत या.

वस्ती ओलांडून वाघजाईच्या बाजूने तळजईच्या वाटेला लागते. पाचगाव-पर्वतीचं हे वन लांबून घनदाट दिसतं. आत शिरलं की कळतं, बरंचसं एकाच झाडाचं आहे. गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात. मुळात परदेशातलं झाड. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षं लावलं गेलं आणि ते झालंही. पण त्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही. आजही पाहा, दोन पावलांवर उघड्या कातळावर पावसाने कोवळं गवत उगवलेलं आहे, त्यात सफेद मुसळीची पांढरी फुलं आहेत, आणि गिरिपुष्पाखाली नुसता कुजका पाला. पुण्याच्या टेकड्या मूळच्या गवताळ, अधूनमधून झाडं असलेल्या. त्या उघड्या दिसतात म्हणून ओसाड ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तळजईला सकाळचा बाजारच भरला आहे. कारल्याचा रस, गव्हांकुराचा रस, उकडलेली अंडी, मोड आलेली कडधान्यं. मी पुढे जाते.

दुपारी बसने फर्ग्युसन रस्ता. पाऊस जोराचा येऊन गेलेला. कॉलेजच्या मागून हनुमान टेकडीची वाट सुरू होते. ही टेकडी लहान, धाप लागायच्या आत माथा येतो, म्हणूनच इथे सगळ्या वयाची माणसं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं पुस्तक घेऊन दगडावर बसलेली, एक बाकी सगळ्यांना प्रश्न विचारतो आहे. नाव विचारत नाही मी, पण गाव विचारते. एक बीडचा, एक वाशिमचा, दोघं नांदेडचे. खोलीत सहा जण राहतात, म्हणून वाचायला इथे येतात.

याच टेकडीवर 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. गोखले, नटेश द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत पटवर्धन, एवढे चार जण. आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. ती एखाद्या सभागृहात न घेता उघड्या टेकडीवर घेतली, हे मला फार आवडतं. त्या जागेची खूण म्हणून इथे स्तंभ आहे. वाशिमचा मुलगा त्याला पाठ टेकून राज्यघटनेची कलमं पाठ करतो आहे. मी त्याला गोखल्यांबद्दल विचारते. "सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, एकोणीसशे पाच," तो ताबडतोब सांगतो.

"इथेच," मी म्हणते.

"इथे म्हणजे पुण्यात."

"नाही. इथे. तू टेकला आहेस तिथे."

तो उठून उभा राहतो, स्तंभाकडे बघतो आणि मित्राला हाक मारतो.

पश्चिमेच्या उताराने सेनापती बापट रस्त्यावर उतरते. इथे चालण्याचा सगळा आनंद संपतो. दोन टेकड्यांच्या मधून वाहणारा हा रस्ता ओलांडायला मला बराच वेळ लागतो. गाड्या थांबत नाहीत, दुभाजक गुडघ्याएवढा उंच. टेकडीवर येणारी निम्मी म्हातारी माणसं एकाच टेकडीपुरती का राहतात, याचं उत्तर इथे या रस्त्याच्या कडेला मिळतं.

पलीकडे गोखलेनगर. सकाळच्या आजींचं. निसन हट आता दिसत नाहीत, त्या जागी एक-दोन मजली घरं झाली, कुठे गच्चीवर पत्रा, कुठे खाली किराणा दुकान. गल्ल्या मात्र सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत. घाईघाईत आखलेल्या वसाहतीची ती रेघ साठ वर्षांनंतरही पुसलेली नाही. गल्लीच्या टोकाशी टेकडी सुरू होते. मधे काही नाही. घरातून निघालेली चप्पल थेट कातळावर पडते.

वेताळ टेकडीचा चढ खरा चढ आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर, पुणे शहरातली सर्वांत उंच जागा. वाट कुणी बांधलेली नाही. पावलांनी झिजून झालेली, जिथे पाण्याने खणली तिथे शेजारी दुसरी पडलेली. पायाखाली दख्खनचा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या थरांमधल्या फटींत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या विहिरींना, बोअरवेलला मिळतं. वर पडलेला पाऊस खाली कुणाच्या तरी हंड्यात जातो, पण टँकरच्या रांगेत उभं असताना टेकडीची आठवण कुणाला येत नाही.

झुडपातून नवरंग शीळ घालतो. दोन सुरांची, स्पष्ट. पाहते, पण दिसत नाही. शेजारून चाललेले एक गृहस्थ हाताने थांबायची खूण करतात आणि बोट दाखवतात. पाचोळ्यात हिरवी पाठ, पोटाखाली लालभडक. तो दोन उड्या मारतो, पाला उलथतो, पुन्हा झुडपात. पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडून येऊन ते इथे घरटी करतात. ते गृहस्थ निवृत्त बँक कर्मचारी, उन्हाळ्यात घरून पाण्याचे कॅन आणून रोपांना घालणाऱ्यांपैकी. आपटा, पळस, काटेसावर, सालई, अशी इथलीच झाडं त्यांच्या गटाने लावलीत. प्रत्येक रोपाभोवती दगडांचं अर्धं आळं आहे, उताराच्या बाजूने उंच, पाणी अडावं म्हणून.

"जगतात का?"

"निम्मी. वणवा लागला तर तीही नाहीत. सिगारेटचं थोटूक पुरतं."

त्यांच्याबरोबर खाणीच्या कडेपर्यंत जाते. इथे पूर्वी दगड काढला जायचा. आता खाणीत पाणी साठलेलं असतं आणि कापलेल्या भिंतीवर काळ्या कातळाचे थर उघडे दिसतात, मधेच पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके. पलीकडच्या काठावर तरुण पोरांचा घोळका. त्यांच्यातला एक कडेला फार पुढे जातो तसे हे गृहस्थ मोठ्याने ओरडतात, "ए बाळा, मागे हो!" आणि तो मुकाट मागे होतो.

वेताळाच्या देवळापाशी दोघं बसतो. शेंदूर लावलेला देव, पुढे फोडलेला नारळ. पश्चिमेला बावधनच्या बाजूच्या टेकड्या ढगांखाली दिसतात. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर मिळून 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. कागदावर ते आहे, आणि तिकडच्या उतारावर चढत गेलेल्या इमारतीही इथून स्वच्छ दिसतात.

आणि इथे, पायाखाली, बालभारती ते पौड फाटा रस्ता. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी कमी करायला टेकडीच्या कुशीतून रस्ता न्यायचा, ही आखणी जुनीच आहे. त्याविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर चालत रस्त्यावर उतरले होते, लहान मुलांना खांद्यावर घेऊन. हे गृहस्थही होते.

"लोक म्हणतात, चार झाडांसाठी कशाला अडवता," ते म्हणतात. "मी म्हणतो, तुम्ही एकदा वर या. नुसतं चाला. मग सांगा."

कोंडी खरी आहे, मीही त्या रस्त्यावर अडकते. पण रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात आणि काही वर्षांनी तीच कोंडी पुन्हा होते, हे या शहराने प्रत्येक उड्डाणपुलानंतर पाहिलं आहे. फोडलेली टेकडी मात्र कुठलीही महापालिका परत बांधून देऊ शकत नाही. ज्या शहरातल्या माणसाला घरातून निघून, तिकीट न काढता, फाटकावर नाव न सांगता, अर्ध्या तासात नवरंग दिसू शकतो, त्या शहराने ते जपण्यासाठी भांडलंच पाहिजे. वाशिमच्या मुलाला वाचायला जागा हवी, पाण्याला मुरायला हवी, आणि पुन्हा धरण फुटलं तर पळून जायला उंची हवी.

सहा वाजून गेले. वर येणाऱ्यांची गर्दी आता सकाळसारखीच. कुत्र्यांना फिरवणारे, गुडघ्याला पट्टा बांधलेले, मोबाइलवर अभंग लावून चालणारे, ढोलपथकाच्या सरावाआधी धावून घेणाऱ्या मुली. पुन्हा सर येते तसे सगळे झपाझप निघतात. ते गृहस्थ पंचवटीच्या बाजूला वळतात आणि मी गोखलेनगरची वाट धरते. सकाळी शेवाळावरून आलेल्या माझ्या बुटांना या ओल्या मातीत काही पकड नाही, मी झाडांच्या खोडांना धरत, बसत उतरते.

मागून दहा-अकरा वर्षांची तीन पोरं येतात. अनवाणी, एकाच्या हातात काठी, एकाच्या खिशात भरून करवंदाच्या जाळीतून उशिरा मिळालेली करवंदं.

"ताई, इकडनं कशाला जाताय? ही पाण्याची वाट आहे," काठीवाला म्हणतो.

"मग माणसांची कुठली?"

"ती काय. हिवराच्या पलीकडनं." तो पुढे होतो, काठीने फांदी बाजूला सारतो, आणि मी जाईपर्यंत तशीच धरून ठेवतो. "जपून हां, काटे आहेत. आणि तिथं तो पांढरा दगड आहे ना, त्याच्यावर नका पाय देऊ, तो हलतो. त्याच्या बाजूच्यावर द्या."

मी बाजूच्यावर देते. तिसऱ्या पोराला तेवढंही थांबवत नाही, तो आमच्या पुढून उड्या मारत खाली गेलेला असतो आणि तिथून ओरडतो, "ए, लवकर या रे, भज्यांची गाडी लागली!"